जुनी टू-स्ट्रोक घेताय? आधी सील, मग पॉईंट, कार्ब सगळ्यात शेवटी

जुनी टू-स्ट्रोक बाईक घरी आली की दुसऱ्याच दिवशी कार्बोरेटर (कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलला जातो. गाडी नीट स्लोला राहत नाही, मधेच मिसिंग करते, मग कुणीतरी सांगतं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदल, कुणी सांगतं नीडल (पेट्रोल कमी-जास्त करणारी कार्बमधली सुई) वर कर, आणि महिनाभर हाच खेळ चालतो. खरा घोळ बहुतेक वेळा कार्बमध्ये नसतोच, तो क्रँकच्या सीलमध्ये (क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणारी रबरी कडी) नाहीतर पॉईंटमध्ये (उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) असतो. गळणाऱ्या सीलमधून हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), तुम्ही मोठा जेट टाकून ते झाकता, गाडी दोन आठवडे बरी चालते, मग सील अजून गळतं आणि एक दिवस फुल रेसवर पिस्टन पकडतो, म्हणजे गरम होऊन सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. खाली दिलाय त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटतोय म्हणून पुढे उडी मारली तर परत मागे यावंच लागतं.

टप्पा १: बघायला जाण्याआधीची तयारी

गाडी बघायच्या आधी त्या मॉडेलचे पार्ट मिळतात का ते बघा. निदान पिस्टन-रिंग, क्रँकचं कनेक्टिंग रॉड किट, ऑइल सील, पॉईंट-कंडेन्सर आणि पॅकिंग सेट एवढं मिळायलाच हवं. इंडिकेटर, बॅज, सीट कव्हर नंतर कधीही शोधता येतं, पण ओव्हरसाईज पिस्टन (झिजलेला सिलिंडर मोठा करून त्यात बसवायचा) मिळत नसेल तर ती गाडी फक्त उभी करून बघायची. सर्व्हिस मॅन्युअलही आधीच मिळवा. टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते), पॉईंटचा गॅप, मूळ जेटचे नंबर, तेलाचं प्रमाण हे सगळं त्यातून घ्यायचं, "सगळ्या टू-स्ट्रोकला हेच चालतं" असं सांगणाऱ्याकडून नाही.

सोबत न्यायचं: टॉर्च, प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, छोटं लोहचुंबक, फडकं आणि एक चांगला प्लग.

आणि विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सिलिंडरला हात लावून बघायचा. गरम असेल तर समजा की थंड असताना चालू व्हायला त्रास देते, निदान तसा संशय तरी ठेवा.

टप्पा २: गाडी बघताना

पहिले कागद. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः वाचायचे, टॉर्च मारून, एक एक आकडा कागदाशी जुळवून. नंबरभोवतीची जागा घासलेली आहे का, आकडे एका ओळीत आहेत का, त्यावर ताजा जाड रंग चढवलाय का ते बघा. कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस वेगळे असतील तर मधली साखळी कागदावर दिसली पाहिजे. इथे गडबड असेल तर गाडी कितीही चकचकीत असली तरी हात जोडून परत या.

मग टाकी. झाकण उघडून आत टॉर्च मारा, तळाला तपकिरी गंज दिसतोय का बघा आणि वास घ्या, सडलेल्या पेट्रोलचा आंबूस वास लगेच कळतो. बाहेरून चुंबक फिरवा, जिथे पकडत नाही तिथे खाली पुट्टी आहे.

इंजिनवर काय बघायचं: तुटलेल्या फिन, वेल्डिंग केलेलं क्रँककेस, सायलेन्सरच्या तोंडाशी खाल्लेले स्टड, प्लगचा खराब आटा. स्क्रूची डोकी बघा, सगळी छिन्नीने मारलेली असतील तर इंजिन बऱ्याच हातांखालून गेलंय.

आता कॉम्प्रेशन. प्लग काढा, गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारत रहा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग फुकट आहे, आणि ही चूक गॅरेजवालेही करतात. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण मानायचा. तो हाताशी नसेल तर रस्त्यावरच्या लहान गाडीला १०० पीएसआयच्या (दाबाचं माप) खाली आलं की वरचं (सिलिंडर-पिस्टनचं) काम निघालं असं धरून भाव बोला. दोन सिलिंडरची गाडी असेल तर दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

प्लग काढलाच आहे तर नीट बघा. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जातंय. अगदी पांढरा, टोकावर बारीक चंदेरी कण चिकटलेले असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. तशी गाडी घ्यायचीच असेल तर आतून खराब आहे असं समजूनच घ्यायची.

चालू केल्यावर धूर बघून लगेच नाक मुरडू नका, थंड टू-स्ट्रोक धूर सोडणारच. दहा मिनिटं गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि जळक्या गिअर ऑइलचा वास येत असेल तर क्लच बाजूचं क्रँक सील गेलंय, इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतंय. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, वरच लटकून राहत असेल, तर कुठूनतरी हवा ओढतेय, आणि त्यात पहिला संशय मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज तयार करणारं चुंबकी चाक) बाजूच्या सीलवर. खालून घरघर येत असेल तर मेन बेअरिंग. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन सैल.

चालवून बघताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या आणि एकदम सोडा. गिअर निसटत असेल तर क्रँककेस फोडावं लागणार.

> थांबा आणि तपासा: कागद, पार्ट, कॉम्प्रेशन, खालचा आवाज. यातल्या दोन गोष्टी वाईट असतील तर दुसरी गाडी बघा. रंग, क्रोम, सीट बघून निर्णय घ्यायचा नाही, ते सगळ्यात सोपं काम आहे.

टप्पा ३: घरी आणल्यावर, इंजिनच्या आधी

ब्रेक, टायर, केबल. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. ब्रेक शू काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात, ड्रम साफ करून नवे टाका. थ्रॉटल केबल कोरडी असेल तर रेस अडकते, आणि पुढे टेस्ट करताना फुल थ्रॉटल मारायचाय हे लक्षात ठेवा.

गिअरबॉक्सचं तेल आत्ताच बदला. टू-स्ट्रोकमध्ये हे तेल वेगळं असतं, इंजिनमध्ये जळणाऱ्या टूटी ऑइलशी त्याचा काही संबंध नाही. काढलेलं तेल मोजून ठेवा. भरायच्या मापापेक्षा बरंच कमी निघालं आणि खाली गळतीचा डाग नाही, तर ते कुठे गेलं हे टप्पा २ मध्ये वाचलंच आहे. उलट तेल जास्त निघालं आणि पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल त्यात उतरतंय. नवं तेल ओल्या (तेलात बुडून चालणाऱ्या) क्लचला चालणारं घ्या, डब्यावर जासो एमए लिहिलेलं असतं.

टप्पा ४: हवा कुठून ओढतेय ते शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त पिस्टन याच्यामुळेच जातात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं, म्हणजे क्रँककेस हा हवाबंद पंप आहे. त्याला भोक असेल तर पुढचं सगळं ट्युनिंग वाया.

१. कार्ब आणि सायलेन्सर काढा. इनटेकचं तोंड आणि एक्झॉस्टचं तोंड रबराच्या बुचाने घट्ट बंद करा. प्लग लावलेला असू दे.

२. एक्झॉस्टच्या बुचातून एक नळी आत घाला, तिथे हवा भरायचा पंप आणि गेज जोडा. रक्तदाब मोजायचा जुना काट्याचा पंप यासाठी झकास, त्याचा ३०० चा आकडा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आपल्याला तेवढंच लागतं.

३. पिस्टन एकदम खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वरची-खालची जागा एक होते.

४. ५ ते ६ पीएसआय भरा आणि बघत बसा. चांगलं इंजिन काही मिनिटं ते धरून ठेवतं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल तर शोधायला लागा.

५. साबणाचं पाणी ब्रशने लावा: हेडचं पॅकिंग, सिलिंडरच्या खालचं पॅकिंग, क्रँककेसचा जोड, इनटेकचं रबर. मग मॅग्नेट काढून त्यामागचं सील. सीलच्या ओठाशी बारीक बुडबुड्यांची माळ हळूहळू फुगत येते, दोन सेकंद बघून सोडून दिलं तर दिसणारच नाही. क्लच बाजूचं सील बाहेरून दिसत नाही, तिथे गिअरबॉक्सची तेल भरायची जागा किंवा ब्रीदर उघडून त्यावर साबणाचा पडदा धरा, फुगला तर ते सील गेलं. दोन सिलिंडरच्या गाडीला प्रत्येक बाजू वेगळी तपासावी लागते कारण मधल्या सीलमधूनही गळती होते.

> सावधान: ६ पीएसआयच्या वर भरू नका. टायरला हवा मारायच्या कॉम्प्रेसरने तर मुळीच नको, चांगलं सीलही जागेवरून उचकटतं.

> सावधान: मॅग्नेट काढायला त्याच गाडीचा पुलर वापरा. हातोडा किंवा तीन पायांचा पुलर लावला तर मॅग्नेट वाकतो नाहीतर क्रँकचं टोक फुगतं.

सील बदलताना जुनं उचकटताना क्रँकवर ओरखडा येऊ देऊ नका, नव्याच्या ओठाला तेल लावूनच बसवा. मग टेस्ट परत. पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा ५: वरचं काम, लागलं तरच

कॉम्प्रेशन चांगलं असेल तर उगाच सिलिंडर उचलू नका. कमी असेल तर उचला आणि क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा, सर्क्लिप आत पडली की इंजिन फोडायची वेळ येते.

कनेक्टिंग रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून बघा, खेळ अजिबात नको. बाजूला थोडा हलतो, ते चालतं.

बोअर मारायचा असेल तर क्रम असा: आधी पिस्टन विकत घ्या, मग सिलिंडर आणि तोच पिस्टन दोन्ही लेथवाल्याकडे द्या. ओव्हरसाईज साधारण ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी असे येतात, पण एकाच साईजचे दोन पिस्टनही किंचित वेगळे निघतात, त्यामुळे डब्यावरचा आकडा बघून बोअर मारून घ्यायचा नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधला गॅप किती ठेवायचा ते मॅन्युअलमधून लिहून द्या, "थोडा घट्टच ठेवा" असं सांगू नका. घट्ट ठेवलेला पिस्टन गरम झाला की पकडतो.

आणि जे नेहमी राहतं ते: बोअरनंतर पोर्टच्या कडा धारदार होतात, त्या हलक्या हाताने गोल करून घ्यायच्या. सिलिंडर हातात आल्यावर पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा, नख अडकलं तर तो परत द्या. रिंग मिनिटाला हजारो वेळा तिथून जाणार आहे.

बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगचं तोंड खाचेतल्या बारीक पिनवरच यायला हवं, पिनवरून सरकलेली रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. सर्क्लिप नवीनच. हेडचे नट तिरक्या क्रमाने, टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत.

सिलिंडर निघालाच आहे तर एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून घ्या. सायलेन्सरचा आतला बॅफल (आवाज दाबणारी नळी) काढून साफ करा, बऱ्याचदा "पिकअप नाही" म्हणजे बॅफल चोंदलेला असतो, बाकी काही नाही. लोखंडी बॅफलला कॉस्टिक सोडा चालतो पण ॲल्युमिनियमला तो खाऊन टाकतो, आणि डोळ्याला चष्मा, हाताला मोजे हवेतच. बॅफल साफ करून परत लावायचा. फेकून दिला की आवाज वाढतो, ताकद नाही.

टप्पा ६: इग्निशन

पॉईंटवाल्या गाडीत आधी गॅप, मग टायमिंग. उलटं केलंत तर गॅप लावताना टायमिंग परत हलतं.

पॉईंट काळे, खड्डे पडलेले असतील तर नवे टाका, कंडेन्सरसकट. चालू गाडीत पॉईंटवर मोठ्या ठिणग्या दिसत असतील तर कंडेन्सर गेलेला असतो. गॅप बहुतेक गाड्यांना ०.३ ते ०.४ मिमी असतो, पॉईंट सगळ्यात जास्त उघडलेले असताना फिलर गेजने मोजा.

टायमिंगसाठी प्लगच्या भोकात डायल गेज लावा. पिस्टन एकदम वर आणून काटा शून्यावर. मग मॅग्नेट उलटा फिरवून पिस्टन हव्या त्या आकड्याच्या बराच खाली न्या आणि चालायच्या दिशेने हळू वर आणा, असं केल्याने ढिलेपणा मोजमापात येत नाही. पॉईंटच्या मधे पातळ कागदाची पट्टी घालून ती बोटाने अगदी हलकी ओढून धरा. पट्टी सुटली त्या क्षणी गेजवर मॅन्युअलमधला आकडा हवा. १.८ मिमी सांगितलं असेल आणि पट्टी २.५ वर सुटत असेल तर ठिणगी लवकर पडतेय, पॉईंट ज्यावर बसतात ती प्लेट चालायच्या दिशेने किंचित सरकवा. १.२ वर सुटत असेल तर उशीर होतोय, प्लेट उलट्या दिशेने. बल्ब लावून बघायची पद्धत मॅग्नेटच्या कॉइलवर फसवते, कारण कॉइलचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की पॉईंट उघडले तरी बल्बमध्ये फरक दिसत नाही.

लवकर ठिणगी पडणारी गाडी सुरुवातीला मस्त तिखट वाटते म्हणून लोक तशीच ठेवतात. तिच्या पिस्टनला वरून भोक पडू शकतं.

सीडीआयवाल्या (पॉईंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीत गॅपची भानगड नाही, पण मॅग्नेटची अर्धचंद्र चाबी कापली गेली नाहीये ना आणि अर्थिंगची वायर साफ आहे ना ते बघा. प्लग कॅप नवीन टाका, प्लग मॅन्युअलमधल्या हीट रेंजचाच.

> सावधान: ठिणगी बघताना प्लग इंजिनला टेकवलेला हवा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. आतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

टप्पा ७: तेल आणि पेट्रोल

प्रीमिक्सचा (तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचं) हिशोब पेट्रोलच्या लिटरला असा: २५:१ म्हणजे ४० मिली, ३२:१ म्हणजे ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. मापाचा कप ठेवा, "अंदाजे झाकणभर" बंद करा. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी बघा. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनांसाठी असतं, हवेवर थंड होणाऱ्या गाडीत नको.

"थोडं जास्त तेल टाकू, सुरक्षित राहील" ही समजूत पूर्ण बरोबर नाही. जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. प्रमाण एकदा ठरवा, जेट त्यावर लावा, मग बदलू नका.

ऑइल पंपवाल्या गाडीत पंपावर आंधळा विश्वास नको. पाईपमधली हवा काढा, पंपाची खूण केबलशी जुळवा, आणि पंप खरंच तेल ओढतोय याची खात्री होईपर्यंत टाकीतही ५०:१ मिश्रण टाका. धूर जास्त येईल, येऊ दे.

टाकी आतून साफ, पेट्रोलच्या कॉकची जाळी साफ, नळी नवीन. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर जुनं रबर आणि टाकीतलं जुनं कोटिंग फुगून सुटू शकतं, म्हणून रबरी भाग बदलूनच टाका. दहा मिनिटं चालून बंद पडणारी गाडी झाकण उघडल्यावर "फुस्स" करून परत चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक चोंदलंय.

टप्पा ८: आता कार्ब

एअर फिल्टर आणि सायलेन्सर जागेवर, जसे रोज असणार तसेच. फिल्टर काढून लावलेलं ट्युनिंग फिल्टर लावल्यावर उपयोगाचं नाही.

कार्ब पूर्ण खोलून धुवा. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हवेने साफ करा नाहीतर नवा टाका. जेट, नीडल, स्लाइडचे नंबर मॅन्युअलशी जुळवा, आधीच्या मालकाने काय काय घातलंय ते इथे कळतं. सगळं मूळ सेटिंगवर आणा. फ्लोटची उंची मोजा. ती चुकली की बाकी सगळं चुकतं.

कुठला भाग कधी काम करतो: बंद ते पाव थ्रॉटल पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्याच्या आसपास स्लाइडचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या भागाचा) कट, पाव ते पाऊण नीडल, पाऊण ते फुल मेन जेट. थ्रॉटलच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, नाहीतर गाडी कुठे अडखळतेय ते कळत नाही.

१. मेन जेट. मोठ्यापासून सुरू करून एक एक नंबर खाली या, छोट्यापासून वर जाऊ नका. जास्त पेट्रोलवर गाडी फुल रेसला बर-बर करते, कमी पेट्रोलवर आधी छान पळते आणि मग पकडते. नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, मग एकाच वेळी स्विच बंद आणि क्लच दाबा, बाजूला थांबून प्लग काढा. रंग टोकावर नाही, पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी तळाशी बघायचा. तिथे तपकिरी रिंग हवी. अजिबात रंग नसेल तर परत मोठा जेट. नवा पिस्टन टाकला असेल तर ही टेस्ट आत्ता नाही, टप्पा ९ मधले ५०० किमी झाल्यावर.

२. नीडल. क्लिप वरच्या खाचेत म्हणजे पातळ, खालच्या खाचेत म्हणजे जाड. अर्ध्या थ्रॉटलला अडखळत असेल तर एकच खाच हलवून परत चालवा.

३. एअर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम हवं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की जाड. हे उलटं समजून बरेच लोक तासभर फिरवत बसतात. आत टेकवून दीड फेरा बाहेर काढा, मग आवाज सगळ्यात वर चढतो ती जागा शोधा. हवेच्या स्क्रूला ती अर्ध्या फेऱ्याच्या आत आली तर पायलट मोठा हवा, अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर लहान. पेट्रोलच्या स्क्रूला याच्या उलट.

> तपासा: एका वेळी एकच बदल आणि तो वहीत लिहायचा. जेट बदलूनही काही फरक पडत नसेल तर टप्पा ४ परत करा.

टप्पा ९: रनिंग-इन

नवा पिस्टन असेल तर पहिल्यांदा चालू करून गरम होऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. मग थंड इंजिनवर हेडचे नट परत टॉर्कवर तपासा. पहिले ५०० किमी एकाच रेसवर लांब पळवू नका, कमी-जास्त करत रहा, पण वरच्या गिअरमध्ये गुदमरवतही चालवू नका, त्याने जास्त गरम होते. मेन जेटची प्लग टेस्ट हे ५०० झाल्यावर, तोपर्यंत एक नंबर मोठा जेट ठेवा.

लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये सोडू नका. प्रीमिक्सवाल्या गाडीत पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं आणि पिस्टन मात्र जोरात पळत असतो. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. चालताना आवाज अचानक बारीक झाला, गाडी आखडल्यासारखी वाटली, तर विचार न करता क्लच दाबा, मागचं चाक लॉक होण्याआधी. मग थंड होईपर्यंत किक मारायची नाही.

आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा, मग बंद करा.